बहुरूपी

संगणकावरील अद्भुतरम्य खेळांत खेळणारा प्रथम आपल्या नायकाचे रूप ठरवितो. नाक, केस, वर्ण, चिलखत, सारे बोटाच्या स्पर्शाने पालटते. खेळणाऱ्याचे अंग मात्र कोरडेच राहते. जालना जिल्ह्यातील बदनापूर ज्या मराठवाड्यात आहे, तेथे रूप पालटण्याची याहून अवघड कला फार जुनी आहे. बहुरूपी, ज्यास काही ठिकाणी रायरंद म्हणतात, सोंग स्वतःच्याच अंगावर चढवितो. कधी तो शंकर होतो, कधी मारुती, कधी खाकी वेषातला फौजदार. हा फौजदार दारात येऊन दरडावतो, अटकेची धमकी देतो. पण त्याचे बोलणे यमकांनी भरलेले असते आणि घरधनी हसू लागतो. ठग ओळखला गेला की त्याचा घात होतो. बहुरूपी ओळखला गेला म्हणजे त्यास सुपातले धान्य मिळते! फसविण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा वेष धारण करणे 2023 च्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. बहुरूप्याच्या ठायी तो हेतूच नसतो. मात्र त्याला ओळखण्यास पाहणाराही जाणता लागतो. ज्या घरी बहुरूपी कधी आला नाही, तेथील मुलांना तो खराच फौजदार वाटतो, आणि दार आतून लावले जाते.