अटकेत सापडलेल्या बहिणीबरोबर कोण जाईल?

(खेड्यांतील मंडळ्यांच्या अभ्यासवर्गांसाठी पाठ)

कल्याण शहरात जेथे जिल्हा कारागृह आहे त्या भागाचे नाव आधारवाडी असे आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह तर जुन्या किल्ल्यातच आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला व १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला पुढे १८३३ पासून तुरुंग म्हणून वापरात आला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ह्या दोन्ही भिंती रस्त्यावरून जाताना पाहिल्या असतील. परंतु त्यांच्या आत स्त्रियाही असतात हे फार थोड्यांच्या मनात येत असेल. देशातील कारागृहांत दर शंभर बंद्यांमागे स्त्रिया सुमारे चार असतात. त्यांतील बहुतेकींचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नसतो. त्या कच्च्या कैदी असून खटल्याची वाट पाहत असतात.

पुरुष पकडला गेला तर त्याची आई किंवा बायको दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहते. स्त्री पकडली गेली तर पुष्कळदा कोणीच येत नाही. नवरा लाजतो, सासर दार लावून घेते, आणि माहेर म्हणते की दिली त्या घरी ती मेली. म्हणून ह्या पाठात आम्ही एकच गोष्ट सांगू इच्छितो. स्त्रीच्या रक्षणार्थ आपल्या देशात कायदे पुष्कळ झाले आहेत. परंतु तिच्याबरोबर जाणारे एक माणूस नसेल तर ते सर्व कागदावरच राहतात. हे कायदे कसे झाले हे प्रथम पाहू, म्हणजे त्यांची किंमत कळेल.

१. देसाईगंजची चौकी

मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर व हल्लीच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका गरीब आदिवासी मुलीला रात्री पोलीस चौकीवर जबाबासाठी आणण्यात आले. मथुरा ह्या नावाने तिची हकीकत देशभर माहीत आहे. जबाब झाल्यावर सोबतच्या मंडळींस बाहेर जाण्यास सांगण्यात आले व तिला आत ठेवून घेण्यात आले. तेथे आपल्यावर अत्याचार झाला असे तिने सांगितले. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांस दोषी ठरविले, परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडून दिले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत हे त्याचे एक कारण होते. पुढल्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले, गावोगावी स्त्रिया निषेधार्थ उभ्या राहिल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या अधिकाऱ्यास अधिक कडक शिक्षा ठरली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे असेही ठरले.

ह्या हकीकतीतील एक क्षण आम्ही वाचकांस लक्षात ठेवावयास सांगतो. तो म्हणजे सोबतच्या माणसांस बाहेर घालविण्याचा.

२. मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रिया

शीला बारसे ह्या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-बंद्यांची भेट घेतली. त्यांपैकी पाचजणींनी, पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाली असे सांगितले. बारसे ह्यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले व न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांस तुरुंगात पाठवून हकीकत तपासण्यात आली. फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल झाला. स्त्रियांच्या कोठड्या वेगळ्या असाव्यात व त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा. चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्ष व्हावी. अटक होताच नातलगांस व कायदेविषयक मदत देणाऱ्या समितीस कळवावे. न्यायाधीशांनी अवचित येऊन कोठड्या पाहाव्यात, असे त्यात ठरले. हे सर्व एका बाईने आत जाऊन विचारपूस केल्यामुळे घडले.

३. सूर्यास्ताचा नियम

तिसरी हकीकत आपल्या ख्रिस्ती समाजाशी जोडलेली आहे, परंतु आपल्यापैकी थोड्यांसच ती ठाऊक आहे. जून १९९३ मध्ये नागपुरात एक मनुष्य पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. त्याच्या पत्नीचीही विटंबना झाल्याची तक्रार होती. ख्रिश्चन कम्युनिटी वेल्फेअर कौन्सिल ऑफ इंडिया ह्या संस्थेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. स्त्री-शिपाई हजर असल्याशिवाय कोणत्याही स्त्रीस अटक करू नये, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी तर मुळीच करू नये, असा हुकूम १९९५ साली झाला. सरकारने वरिष्ठ न्यायालयात तक्रार केल्यावर २००३ साली तो हुकूम काहीसा सैल करण्यात आला. तथापि मूळ तत्त्व नाहीसे झाले नाही. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात २००५ साली केलेली दुरुस्ती २००६ पासून अंमलात आली आणि सूर्यास्ताचा नियम सर्व देशाचा झाला. त्या मृत्यूच्या खटल्यात दोषी पोलिसांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वाढवून सात वर्षांची केली. पंचवीस वर्षे लागली. परंतु ज्यांनी पहिला अर्ज केला ते गप्प राहिले असते तर नियमही झाला नसता व शिक्षाही झाली नसती.

४. पालघरच्या दोन मुली

आता आपल्या घराजवळ येऊ. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी मुंबई व आसपासचे व्यवहार बंद होते. पालघर गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेथील एका तरुणीने, शहर अशा रीतीने बंद का असावे, अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला व तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. जमाव जमला, एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली, आणि दुसऱ्या दिवशी दोघींस अटक झाली. न्यायालयाने जामिनावर सोडल्यावर त्या घरी परतल्या. पुढे चौकशीअंती दोघा पोलीस अधिकाऱ्यांस निलंबित करण्यात आले व मुलींवरील खटला बंद झाला. ज्या कलमाखाली त्यांस पकडले होते त्यांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरविले.

त्या मुली लवकर सुटल्या, कारण त्यांच्या मागे घर उभे राहिले, वकील मिळाला व साऱ्या देशाने पाहिले. मुरबाडच्या किंवा शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील स्त्रीचे नाव वर्तमानपत्रात येणार नाही. तिच्यामागे उभे राहण्याचे काम शेजाऱ्यांवर येते.

५. ठाऊक असाव्यात अशा गोष्टी

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. स्त्रियांविषयीचे जुने नियम तीत कायम आहेत. ते मंडळीतील प्रत्येक शिक्षकाने व सुवार्तिकाने पाठ करावेत.

(१) केवळ माहिती किंवा साक्ष हवी असेल तर स्त्रीस चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यावे.

(२) सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत स्त्रीस अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असल्यास स्त्री-पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेतली पाहिजे. परवानगी कोठे आहे हे नम्रपणे विचारण्यात अपराध नाही.

(३) स्त्रीची झडती स्त्रीनेच, पूर्ण मर्यादा राखून घ्यावयाची आहे.

(४) अटकेचे कारण सांगितले पाहिजे, अटकेची खबर नातलगास किंवा मित्रास दिली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

(५) १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीस सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची मिळकत किती हे पाहिले जात नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैशाची तजवीज होईपर्यंत थांबू नये.

(६) गंभीर गुन्ह्याच्या आरोपातही, स्त्री आहे एवढ्या कारणावरून जामीन देण्याची मुभा न्यायालयास आहे. परंतु जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे किती तरी गरीब बाया आतच राहतात. येथे मंडळीतील एखादा जमीनधारक भाऊ मोठे काम करू शकतो.

(७) मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. म्हणून जन्माचा किंवा शाळेचा दाखला हाताशी ठेवून लगेच दाखवावा.

६. आईबरोबर आत असलेले मूल

कित्येक स्त्रियांबरोबर त्यांची तान्ही मुलेही तुरुंगात जातात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ठरविले की सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. परंतु त्याला कैदी समजू नये. त्याच्या अन्नाची, औषधाची, शिक्षणाची व खेळण्याची सोय व्हावी, आणि मूल तुरुंगात जन्मले असेल तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव नसावे. सहा वर्षे पुरी होताच मात्र त्याला बाहेर यावे लागते. त्या दिवशी फाटकाशी मामा, मावशी किंवा आजी उभी असेल तर ते मूल घरी जाते. नसेल तर संस्थेत जाते. हा प्रश्न कायद्याने सुटत नाही, तो आपल्या ओसरीवरच सुटतो.

७. लाजेविषयी

कोणी म्हणेल, तिने खरोखरच गुन्हा केला असेल तर? केला असेल तर न्यायालय शिक्षा देईल व ती तिने भोगावी. आम्ही गुन्ह्याची तरफदारी करीत नाही. ज्याची चोरी झाली अथवा ज्याचे माणूस गेले त्याचे दुःख खरे आहे. परंतु न्यायालय ठरावीक मुदतीची शिक्षा देते, आणि गाव बिनमुदतीची देते. शिवाय हीच शिक्षा गाव पुरुषास देत नाही. तो सुटून येतो व पारावर बसतो. ती सुटून येते तेव्हा तिची चूल दुसरीने ताब्यात घेतलेली असते. बंदिवासात असलेल्यांस भेटण्याविषयी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात जे सांगितले आहे, तेथे निर्दोष बंदी व दोषी बंदी असा भेद केलेला नाही, हे वर्गात वाचून पाहावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावी रात्री आठ वाजता एखाद्या स्त्रीस नेण्यासाठी पोलीस आले, तर प्रथम काय विचारावे? आणि तिच्याबरोबर कोणत्या दोन व्यक्ती जातील? त्यांची नावे आजच ठरवा. त्यांपैकी एक स्त्री असावी.

२. देसाईगंजच्या चौकीवर सोबतच्यांस बाहेर जाण्यास सांगितले गेले. असा प्रसंग आपल्यावर आल्यास आपण शांतपणे पण ठामपणे काय म्हणू?

३. जामीनदार म्हणून उभे राहता येईल असे आपल्या मंडळीत कोण आहेत? सातबारा, शिधापत्रिका व ओळखपत्र कोठे ठेवले आहे हे त्यांनी घरच्यांस सांगून ठेवले आहे काय?

४. आपल्या ओळखीची एखादी बहीण आधारवाडीत, ठाण्यास किंवा भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात आहे काय? तिला शेवटचे कोण भेटले व केव्हा? ह्या महिन्यात कोण जाईल?

ह्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्ग सुटण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावे आणि पुढील पाठाच्या आरंभी ते वाचावे.