वाढत्या मुलांची सायकल : भाड्याची की विकतची?

कळमनुरी

चि. भाच्यास,

वाढत्या मुलासाठी सायकल घेताना पहिला हिशेब पैशांचा नसून पायांच्या लांबीचा असतो. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते आणि त्यातली जवळजवळ निम्मी वाढ पायांची असते. मुलींमध्ये अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलांमध्ये तेराव्या-चौदाव्या वर्षी हा वेग आणखी वाढतो. लहान सायकलीची सीट खालीवर करून फार तर ८-१० सेंटिमीटरची सोय होते. वर्षाला पाय ३ सेंटिमीटर वाढले तर एका मापाची सायकल जास्तीत जास्त तीन वर्षे पुरते, बहुतेक वेळा दोनच. पहिलीतल्या मुलाला दहावीपर्यंत पुरेल अशी सायकल कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तशी बनतच नाही. भाड्याने घ्यावी, जुनी घ्यावी की नवी, हे सगळे या दोन-तीन वर्षांच्या मुदतीवरून ठरवावे लागते.

‘थोडी मोठीच घेऊ, चार वर्षे तरी बघायला नको’ हा विचार घरोघर होतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. मोठ्या सायकलीवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पायडल खाली गेले की मूल सीटवर एका बाजूला सरकते, हँडल लांब पडल्यामुळे खांदे ताणले जातात आणि बोटे ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. आधीची पिढी वडिलांच्या २८ इंची सायकलीवर कैची मारतच शिकली, हे खरे आहे. दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकवून, अर्धे पायडल मारत शिकणे ही त्या काळाची गरज होती. घरात एकच सायकल असे आणि रस्त्यावर बैलगाड्यांखेरीज फारसे काही नसे. ती सायकल वीसेक किलो वजनाची, चालवणारे मूलही जेमतेम तेवढेच, आणि सळीचे ब्रेक दाबायला मोठ्या माणसाच्या पंजाचे बळ लागे. आज हिंगोली–नांदेड रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ऑटोंची रीघ असते. मागून हॉर्न वाजला की मुलाला त्याच क्षणी पाय टेकून थांबता आले पाहिजे. मापाबाहेरच्या सायकलीवर ते शक्य नसते, म्हणून मोठ्या मापात वाचवलेले पैसे बचतीत धरू नयेत.

माप घरी काढता येते. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन पायांच्या मध्ये पाटी किंवा जाड पुस्तक आडवे धरून जांघेपर्यंत वर न्यावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. सायकलीच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडा आणि जांघ यांत निदान दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. नवशिक्याची सीट इतकी खाली असावी की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. चालवता येऊ लागल्यावर सीट हळूहळू वर घ्यावी. टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ होत असेल, तर चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला योग्य तेवढा वाक मिळतो. दुकानात वयावरून माप सांगतात ते ढोबळ असते: १२ इंची चाक दोन ते चार वर्षांसाठी, १६ इंची साधारण पाच-सहा वर्षांसाठी, २० इंची सात ते नऊसाठी, २४ इंची नऊ ते बारासाठी आणि त्यापुढे २६ इंची. एकाच वयाच्या दोन मुलांच्या पायांत सहज ५ सेंटिमीटरचा फरक असतो. म्हणून मुलाला दुकानात नेऊन सायकलीवर बसवल्याशिवाय सौदा करू नये.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत पूर्वी सायकल दुकानाबाहेर तासावर मिळणाऱ्या सायकली ओळीने उभ्या असत. वहीत नाव आणि वेळ लिहिली जाई, मडगार्डवर नंबर रंगवलेला असे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान सायकलीसाठी मुले ताटकळत थांबत. मोटारसायकली आल्या, तासाच्या भाड्यात दुकान चालेना, आणि बहुतेकांनी तो व्यवहार सोडून दिला. त्या पद्धतीत मोठी सोय होती. तोल साधायला लागणारे दिवस थोडेच असतात. तेवढ्या दिवसांसाठी घरात सायकल आणून ठेवण्याची गरज नसते. आजही पंक्चर काढणाऱ्या दुकानदाराकडे शब्द टाकला तर महिना-दोन महिन्यांसाठी लहान सायकल मिळू शकते. अनामत किती, पंक्चरचा खर्च कोणी करायचा आणि सायकलीत आधीपासून काय मोडलेले आहे, एवढे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. ब्रेक मात्र स्वतः दाबून पाहावेत. शिकताना बाजूची दोन चाके लावण्याऐवजी पायडल काढून सीट खाली करावी आणि मुलाला पायाने जमीन ढकलत चालवू द्यावे. तोल आधी येतो आणि पायडल मारणे मागाहून एखाद्या दिवसात जमते.

बाहेरच्या देशांत हाच प्रश्न दुसऱ्या वस्तूंबाबत पडतो आणि तिथला रिवाज बघण्यासारखा आहे. कॅनडा किंवा स्वित्झर्लंडसारख्या बर्फाच्या देशांत राहणाऱ्या कुटुंबांना, त्यांत मराठी घरेही आली, मुलांसाठी स्की आणि त्याचे बूट लागतात. तिथली दुकाने हे सामान हिवाळ्याच्या तोंडाशी पूर्ण हंगामासाठी भाड्याने देतात आणि बर्फ सरले की परत घेतात. पुढच्या वर्षी मूल वाढलेले असते, तेव्हा मोठे माप नेता येते. स्कीचा बूट सैल असला तर पायाचे वळण स्कीपर्यंत पोचत नाही, आणि पडल्यावर बूट सुटावा म्हणून असलेला खटका मुलाच्या वजन-उंचीप्रमाणे लावावा लागतो. त्यामुळे दोन नंबर मोठा बूट घेऊन ठेवण्याची वाट तिथे बंदच आहे. ब्रिटनमध्ये मुलांच्या सायकलीही महिन्याच्या भाड्याने मिळतात; लहान झाली की परत करून मोठी न्यायची. कळमनुरीत अशी कंपनी नसली तरी भावकी आहे, आणि तीच व्यवस्था भावकीत बिनखर्चाने उभी करता येते.

चुलत, मामे, आते अशी सात-आठ मुले असलेल्या गोतावळ्यात १६ आणि २० इंची मिळून दोन-तीन सायकली फिरत्या ठेवल्या तर कोणालाच लहान मापाची नवी सायकल घ्यावी लागत नाही. यासाठी पहिली सायकल घेतानाच दांडा खाली वाकलेली निवडावी. ती मुलामुलींना सारखीच चालते आणि फ्रॉक किंवा सलवार घालूनही चढता-उतरता येते. रंग लाल, निळा किंवा काळा असावा; गुलाबी सायकल पुढे धाकट्या मुलाला देताना घरात रडारड होते, आणि मुलाची ती अडचण मोठ्यांनी क्षुल्लक समजू नये. ज्याच्या घरून सायकल पुढे जाते त्याने टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर नीट करूनच द्यावी, असा नियम आधीच ठरलेला असावा. तो नसला की तिसऱ्या घरी पोचेपर्यंत सायकल भंगार होते आणि नात्यातही कटुता येते.

पैशांचा हिशेब किमतीवरून न करता महिन्यावरून करावा. समजा, नवी २० इंची सायकल ५००० रुपयांना घेतली आणि दोन वर्षांनी १८०० ला गेली. ३२०० रुपये २४ महिन्यांवर वाटले तर महिना सुमारे १३३ रुपये पडले. तीच सायकल जुनी २००० ला घेऊन, ४०० रुपयांचे ओव्हरऑइलिंग आणि टायर करून, दोन वर्षांनी १२०० ला विकली तर महिना ५० रुपये. जिथे अजून तासावर सायकल मिळते तिथे तासाला २० रुपये भाडे धरले आणि मूल महिन्यातून दोन-तीन तासच चालवत असेल, तर भाडे आणि जुनी सायकल सारखीच पडतात. रोज संध्याकाळी तासभर चालवणाऱ्या मुलाला भाडे परवडत नाही. आकडे गावागणिक बदलतील, पण भागाकार हाच. नव्या सायकलीच्या भावाची जुन्या बिलाशी तुलना करताना हेही धरावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. लहान मापाची सायकल हप्त्यावर तर मुळीच घेऊ नये. हप्ते फिटेपर्यंत गुडघे हँडलला लागायला आलेले असतात.

शाळेची सायकल मात्र स्वतःची असावी. वाडीवरून किंवा शेतातल्या आखाड्यावरून आठवी-नववीला तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या मुलीला सायकल रोज सकाळी, न मागता, दारात उभी लागते. ती आज मिळेल का या प्रश्नावर शाळा टिकत नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. पैसे दोन टप्प्यांत बँक खात्यात येतात. दुसरा टप्पा खरेदीची पावती दाखवल्यावर मिळतो. योजना तालुक्यांच्या यादीप्रमाणे चालते, म्हणून मुलगी सातवीत असतानाच शाळेत विचारून घ्यावे आणि मोठ्या मापाची खरेदी त्या बेताने करावी. या वयात मुलीची बरीचशी वाढ झालेली असते. तेव्हा घेतलेली २६ इंची सायकल बारावीपर्यंत निभते आणि नव्या सायकलीचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात. मुलाच्या बाबतीत हीच खरेदी वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावी.

ही सायकल साधी असावी. गिअर, पुढे-मागे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक दिसायला आकर्षक असतात, पण त्यांनी वजन वाढते आणि एखादा भाग गेला की तो नांदेडहून आणावा लागतो. ज्या सायकलीचा फ्रीव्हील, बीबी एक्सेल आणि कटोरी-गोळ्या गावातल्या दुकानात मिळतात तीच शाळेची सायकल. मडगार्डकडे विशेष लक्ष द्यावे. या भागातली काळी माती पावसाळ्यात टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचे थांबते, आणि मुले मग सायकल खांद्यावर घेऊन येतात. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटे जातील एवढी फट असलेली सायकल चिखलातही निघते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा धुऊन चेनला तेल द्यावे. दर दोन-तीन महिन्यांनी सीटचा पाइप सैल करून, थोडे ग्रीस लावून पुन्हा बसवावा. गंजून अडकलेला पाइप मूल वाढले तरी वर येत नाही आणि चांगली सायकल अकाली लहान होते. बांधावरच्या बाभळीचे काटे टायरमध्ये राहतात. पंक्चर काढताना टायर आतून हाताने चाचपून काटा काढला नाही तर दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा पंक्चर.

जुनी सायकल घेण्याचा चांगला काळ एप्रिल-मे. दहावी-बारावी झालेली मुले पुढच्या शिक्षणाला नांदेड-लातूरला जातात आणि त्यांच्या सायकली घरात मोकळ्या पडतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा घरातला पैसा बी-खतात अडकलेला असतो. सोयाबीनचे पैसे हाती यायला दिवाळी उजाडते. म्हणून नवी घ्यायचीच असेल तर ती दिवाळीला घ्यावी आणि जूनपासून तोवर जुनी किंवा भावकीतली चालवावी. जुनी घेताना चाक उचलून फिरवावे. चाक ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासत असेल तर ते वाकडे, म्हणजे ‘आउट’ आहे. हा आउट काढता येतो. हँडलखालच्या जोडावर रंग तडकलेला किंवा वेल्डिंगची नवी खूण असेल तर ती सायकल कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण ती जागा तुटली तर मूल तोंडावर पडते. पायडलचा दांडा आडवा हलवून खडखड होते का ते पाहावे. फ्रेमवर कोरलेला नंबर बिलाशी जुळवावा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे.

एक वस्तू कधीही भाड्याची किंवा जुनी घेऊ नये, ती म्हणजे हेल्मेट. त्याच्या आतला फोम एकदा आपटला की दबतो आणि मग बाहेरून धड दिसले तरी दुसऱ्या वेळी डोके वाचवत नाही. हे हेल्मेट सायकलीचेच असावे. मोटारसायकलचे मुलाच्या मानेला जड होते. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे आणि पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट असावा. आतली पट्टी फिरवून मागेपुढे करता येणारे हेल्मेट घेतले तर सायकल दोनदा बदलली तरी ते पुरते.

सायकल लहान झाली हे मूल स्वतः सांगत नाही. तिच्यावर त्याचा जीव बसलेला असतो. वळताना गुडघा हँडलला लागणे, सीटच्या पाइपावरची शेवटची खूण बाहेर दिसू लागणे, आणि चढावर सीटवरून उठून सतत उभ्यानेच चालवणे या तीन गोष्टी दिसल्या की माप बदलावे. पाइप खुणेच्या वर कधीही ओढू नये. तो वाकतो किंवा फ्रेम फाटते. पायांचे माप दर वर्षी मे महिन्यात घ्यावे, म्हणजे लहान झालेली सायकल शाळा उघडण्याआधी पुढच्या मुलाकडे जाते आणि पावसात अंगणात गंजत राहत नाही.

तुझा
मामा