गोळी आणि पेला : श्वासावरचे दुहेरी ओझे

मन अस्वस्थ होणे हा अपराध नाही. सतत धडधड, विनाकारण भीती, रात्रभर झोप नाही, अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेण्यात कमीपणाही नाही. पण त्याच गोळीवर दारूचा पेला रिकामा केला, तर औषधच जीवघेणे ठरू शकते. आपण स्वतः दारू पीत नसलो, तरी आपल्या घरात, शेजारी, नात्यात कोणी पिणारा असू शकतो. म्हणून हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

दोघांचे काम एकच

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही चिंतेवरची नेहमीची औषधे. मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन असते, ते मज्जापेशींना शांत करते. ही औषधे गाबाचा प्रभाव वाढवतात आणि दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आली की आधी तोल आणि विवेक जातो, मग स्मृती जाते आणि शेवटी श्वास मंदावतो. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत अडकू शकते.

१९७५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कॅरेन अ‍ॅन क्विनलन ही २१ वर्षांची तरुणी दारू आणि शामक गोळ्या घेतल्यानंतर कोसळली. मित्रांनी तिला घरी नेऊन झोपवले. थोड्या वेळाने पाहिले, तर श्वास थांबलेला होता. ती पुन्हा कधीच शुद्धीवर आली नाही. १९८५ मध्ये तिचे निधन झाले.

तीन गैरसमज

‘गोळी सकाळी घेतली, रात्री थोडी घेतली तर काय होते?’ डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस राहतो. काही तासांचे अंतर पुरेसे नाही.

‘आज पार्टी आहे, गोळी चुकवू.’ रोजची गोळी अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी.

‘दारू सोडण्याचे औषध चालू आहे, आता भीती नाही.’ दारू सोडवताना डॉक्टर अनेकदा क्लोरडायझेपॉक्साइड देतात. तेही याच जातीचे औषध आहे. त्यावर दारू घेणे तितकेच धोक्याचे. म्हणून या गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीने आपल्याकडे ठेवून वेळेवर द्याव्यात.

अशा वेळी काय कराल?

हाक मारून उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर दिसत आहेत, तर ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणू नका. कुशीवर वळवा, उलटी करवू नका, एकटे सोडू नका. लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा. गोळ्यांचे पाकीट रुग्णालयात सोबत न्या. मनाच्या त्रासासाठी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

डॉक्टरांपासून दारूची सवय लपवू नका. लाजेपेक्षा प्राण मोठा आहे. जप, ध्यान, प्राणायाम यांनी मनाला आधार मिळतो, पण त्यासाठी चालू औषध परस्पर सोडू नये. आज एवढाच संकल्प करूया : आपल्या ओळखीत अशी गोळी घेणारा कोणी असेल, तर त्याला दोष न देता, प्रेमाने ही एक गोष्ट सांगू.