आजारी कासवाची घरातील शुश्रूषा

देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाण्याची आपली जुनी रीत आहे. खरे कासव मात्र पूर्वी विहिरीत नाही तर नदीकाठी दिसायचे. गेल्या काही वर्षांत ते काचेच्या टाकीतून आपल्या घरात आले. मुलांच्या हट्टापायी म्हणा किंवा घरात कासव शुभ म्हणून म्हणा, आष्ट्यासारख्या गावातही अशी टाकी असलेली घरे आता नवी नाहीत. कासव वर्षानुवर्षे जगते, त्याला काही होत नाही, असा आपला समज असतो. म्हणून ते आजारी पडले की घरातल्यांच्या लक्षात उशिरा येते, आणि औषध सुरू झाल्यावर घरी नेमके काय करायचे हे माहीत नसते. पशुवैद्याचे इंजेक्शन दोन मिनिटांचे असते. उरलेला सगळा दिवस कासव आपल्या ताब्यात असते. ते बरे होणार की नाही, हे बरेचसे त्या उरलेल्या वेळात ठरते.

आजार ओळखावा कसा?

घरात बहुधा आढळते ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले परदेशी पाणकासव. ते आजारी पडले की प्रथम खाणे सोडते. डोळे सुजून मिटलेले राहतात, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडे ठेवून व मान ताणून श्वास घेतला जातो. पोहताना ते एका अंगावर कलत असेल, तर फुफ्फुसाचा दाह झाल्याची शंका घ्यावी. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आपल्याकडे चार दिवसांत बरी होणारी सर्दी त्याच्या जिवावर बेतते ती याचमुळे. कवच मऊ लागणे हे कॅल्शियम व उन्हाच्या अभावाचे लक्षण आहे. कवचावर दुर्गंधी येणारे खड्डे पडले असतील, तर ती कवचाची कुज समजावी. मागून लालसर अवयव बाहेर येऊन आत जात नसेल, तर तो स्वच्छ ओल्या कापडाने झाकून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दवाखान्यात जाताना

कासव पाण्याच्या बादलीत नेऊ नये, कारण अशक्त कासव बादलीतही बुडू शकते. भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल अंथरून त्यात न्यावे. सोबत एका कागदावर खाणे कधी सुटले, रोज काय खायला घालत होता, पाणी किती दिवसांनी बदलत होता, हे लिहून घ्यावे. टाकीचा फोटो व ताजी विष्ठा नेल्यास निदानास मदत होते.

आपल्या भागातील पशुवैद्यांचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांत जातो. कासव त्यांच्यापुढे क्वचितच येते, यात त्यांचा दोष नाही. गरज वाटल्यास सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल का, असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. एक गोष्ट मात्र आवर्जून बोलावी. जनावरांच्या गोचिडी व जंतांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांना विषासारखे बाधते. त्याने कासव लुळे पडून मरू शकते. गोठ्यात उरलेले हे औषध घरच्या घरी कासवाला देण्याचा विचारही करू नये.

ऊब हेच निम्मे औषध

कासव शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवा-पाण्यावर ठरते. थंडीत दही लागत नाही, तसेच थंड पडलेल्या शरीरात औषध लागू पडत नाही. पचन मंदावते, रोगाशी लढण्याची शक्ती घटते आणि औषध शरीरात नीट पसरत नाही. म्हणून उपचार चालू असेपर्यंत पाणकासवाच्या भोवतालचे तापमान दिवसा साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस राहील असे पाहावे, रात्रीही ते फार उतरू देऊ नये. साधा तापमापक खोक्यात ठेवावा, अंदाजावर राहू नये.

यासाठी मोठ्या खोक्याच्या एका कोपऱ्यावर हातभर उंचीवर ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. दुसरा कोपरा थोडा गार ठेवावा, म्हणजे जास्त उकडल्यास कासवाला सरकता येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वीज गेली, तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवावी.

कोवळे ऊन रोज पंधरा-वीस मिनिटे द्यावे. उन्हातील ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते, ते काचेतून आत येत नाहीत. खिडकीच्या काचेमागचे ऊन म्हणूनच उपयोगाचे नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत कासव उन्हात ठेवून आपण कामाला लागू नये. सावली नसेल तर ते थोड्याच वेळात उष्माघाताने दगावते.

पाणी, आंघोळ आणि कोरडा मुक्काम

फुफ्फुसाचा दाह किंवा कवचाची कुज असेल, तर डॉक्टर पाणकासवाला दिवसाचा बराच वेळ कोरडे ठेवायला सांगतात. अशा वेळी दिवसातून एक-दोनदा कोमट, उथळ पाण्यात अर्धा तास ठेवावे. पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. पाणकासव बहुधा पाण्यातच गिळू शकते, तेव्हा खाणेही याच वेळी द्यावे. कुजेवर आयोडिनचे औषध लावायचे असल्यास ते डॉक्टरांनी सांगितले तेवढे पातळ करून लावावे व वाळल्यावरच कासव पाण्यात सोडावे.

या आंघोळीचे दुसरेही कारण आहे. न खाणाऱ्या कासवाच्या अंगातील पाणी कमी होते, आणि जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके अशा स्थितीत मूत्रपिंडाला इजा करतात. म्हणून इंजेक्शने चालू असताना आंघोळ चुकवू नये. तोंड उघडून चमच्याने पाणी, दूध किंवा ग्लुकोज ओतणे सर्वांत घातक, कारण ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकते. नळीने अन्न द्यायची वेळ आली, तर ते काम डॉक्टरांनाच करू द्यावे.

इंजेक्शनचा धीर

कासवाच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडते. त्यामुळे काही इंजेक्शने रोज नव्हे, तर दोन किंवा तीन दिवसांआड द्यायची असतात. डॉक्टर रोज बोलावत नाहीत म्हणजे हयगय करतात, असे समजू नये. इंजेक्शन बहुधा पुढच्या पायात देतात, कारण मागच्या भागातील रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाण्याची वाट कासवात असते.

खरी अडचण पुढे येते. आठवडा झाला तरी कासव डोळे उघडत नाही, म्हणून घरचे कंटाळतात आणि फेरी चुकवतात. किंवा दोन घास खाल्ले म्हणून बरे झाले असे मानून औषध थांबवतात. दोन्हींचा शेवट एकच होतो, आजार पुन्हा उलटतो. कासवाचा आजार हळू चढतो आणि हळूच उतरतो. काही आठवडे लागणार हे पहिल्याच दिवशी मनाशी धरावे. दर दोन दिवसांनी वजन करून तारखेसह वहीत लिहावे. यासाठी वजनकाटा वेगळा ठेवावा, स्वयंपाकघरातला वापरू नये. वजन सतत घटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आहार

नुसत्या वाळक्या दाण्यांवर वाढलेल्या पाणकासवात अ जीवनसत्त्वाची कमतरता होते व डोळे सुजतात. ते बरे होऊ लागले की किसलेले गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने व थोडी काट्यासह बारीक मासळी द्यावी. काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेस टाकीत ठेवल्यास कॅल्शियम मिळते. अ जीवनसत्त्वाचे औषध आपल्या मनाने देऊ नये. जादा मात्रेने कातडी सोलून निघते. दूध-पाव, भात, चपाती, बिस्किटे बंद. कवचाला तडा गेला असेल तर फेव्हिक्विक, हळद किंवा चुना भरू नये. आत घाण कोंडून पू होतो.

घरच्या माणसांची काळजी

वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला ताप, जुलाब व पोटदुखी होते. लहान मुलांत हा आजार गंभीर होऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली, कारण मुले ती तोंडात घालत. आजारी कासवाला वारंवार हाताळावे लागते, म्हणून धोका वाढतो. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. बादली, मग, फडके वेगळे ठेवावे. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांना हे काम देऊ नये. कासव हाताळणाऱ्या घरात कोणाला तापासह जुलाब झाले, तर डॉक्टरांना घरात कासव असल्याचे जरूर सांगावे.

कायद्याविषयी दोन शब्द

पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले तारा कासव किंवा आपल्या विहिरी-तळ्यांतील मऊ पाठीचे कासव पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कृष्णा-वारणेच्या काठी असे जखमी कासव सापडले, तर घरी ठेवून उपचार करू नयेत. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. काही परदेशी जातींचीही २०२४ च्या नियमांनुसार नोंद करावी लागते. ती आपल्या जातीला लागू आहे का, हे वन कार्यालयात विचारून घ्यावे. आणि बरे झालेले परदेशी कासव पुण्य म्हणून नदीत किंवा विहिरीत कधीही सोडू नये. ते इथल्या कासवांचे अन्न व जागा बळकावते आणि रोगही पसरवते. सांभाळणे जमत नसेल, तर पशुवैद्य किंवा वन विभागाशी बोलावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) खाणे सुटले व डोळे मिटले की दोन-चार दिवसांत दवाखाना गाठा.
२) तापमापक ठेवा. ऊब नसेल तर औषध वाया जाते.
३) रोज उथळ, कोमट पाण्याची आंघोळ द्या.
४) तोंडात काहीही ओतू नका. आयव्हरमेक्टिन तर नाहीच.
५) डॉक्टर सांगेपर्यंत औषध थांबवू नका.
६) हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

शेवटची एक सूचना. थंडीने गारठलेले कासव हालचाल थांबवून मेल्यासारखे दिसते, त्याचे हृदय मात्र संथपणे चालू असू शकते. म्हणून पुरण्याची घाई करू नये. त्याला हळूहळू ऊब द्यावी, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि त्यांनी सांगितल्यावरच काय ते ठरवावे.