जालन्यात पळणाऱ्याचं जॅकेट

जालन्यात थंडी आणि पाऊस सहसा एकत्र येत नाहीत. पाऊस जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा पहाटेसुद्धा पारा बाविसाच्या आसपास असतो. थंडी डिसेंबर-जानेवारीत, दहा अंशांच्या आगेमागे, आणि ती कोरडी ठणठणीत. मधे परतीचा पाऊस, हिवाळ्यात एखाद-दुसरी अवकाळी. पण पळण्याच्या जॅकेटांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या, बारा महिने गारठ्यात भिजणाऱ्या लोकांनी लिहिलेलं. ते जसंच्या तसं उचलून मोती तलावाच्या काठाने पळायला गेलं की घामाने जीव नकोसा होतो. इथल्या हवेत बरीच वर्षं पळून जे समजलं ते असं.

१. पावसाळ्यात भिजायचंच आहे, हे मान्य करा

जुलैत झड लागली की पळणाऱ्यांचे दोन गट पडतात: घरी बसणारे आणि रेनकोट शोधणारे. हे दुसऱ्या गटासाठी. पळताना शरीर स्वस्थ बसल्याच्या आठ-दहा पट उष्णता तयार करतं आणि तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज जातो. तो वाफ होऊन उडाला तरच अंग थंड राहतं. पाणी अडवून वाफ सोडणारं कापड असतं, नाही असं नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचाच पदार्थ, एकदम झटका देऊन ताणला आणि त्यातून पुढे गोर-टेक्स आलं. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण ती आपणहून जात नाही. आत गरम-दमट आणि बाहेर थंड-कोरडं, असा फरक असेल तरच बाहेर ढकलली जाते. जुलैतल्या जालन्यात बाहेरही दमटच, त्यामुळे हा फरक फारसा उरत नाही. मग जॅकेट हजाराचं असो की पंधरा हजारांचं, दोन-तीन किलोमीटरमध्ये आत धारा लागतात. पावसाने भिजला असतात तेवढेच भिजता, वर उकडून निघता ते वेगळंच.

म्हणून जून ते सप्टेंबर मी जॅकेट घालतच नाही. पॉलिस्टरचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी आणि मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. भागतं.

२. अडवायचा तो वारा

ओल्या कपड्यांतही पळणाऱ्याला थंडी वाजत नाही, जोवर वारा नाही तोवर. पाणी अंगातली उष्णता हवेच्या मानाने पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं. त्यात वारा आला की अंगालगतची ऊब टिकतच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी परतीची सर येऊन गेलेली असते, तलावाच्या पाण्यावरून सकाळचा वारा सुटतो आणि घामाने भिजलेली पाठ त्याच्याकडे होते; तेव्हा कळतं की पावसापेक्षा हे वाईट.

इथे साधं विंडचीटर कामाला येतं. एकेरी नायलॉन किंवा पॉलिस्टर, अस्तर नाही, घडी केली तर मुठीत मावेल असं. दुकानात ते पारखायची माझी पद्धत सोपी आहे. कापड तोंडाला घट्ट लावायचं, मागे तळहात धरायचा आणि फुंकर मारायची. फुंकर सहज आरपार गेली तर वाराही तसाच आत येणार. अजिबात गेली नाही तर घाम आतच मुरणार. गाल फुगवून जोर लावल्यावर तळहाताला जरा गार लागलं, की ते घ्यायचं. “साहेब, जॅकेट घ्यायलात का पिपाणी?” असं एका दुकानदाराने मला विचारलं होतं. पण त्याने मग स्वतःच दुसऱ्या दोन जॅकेटांवर फुंकर मारून पाहिली.

३. लेबलवरचे आकडे

महागड्या जॅकेटावर १०,०००/१०,००० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा मिलिमीटरचा: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागतं. दहा हजार म्हणजे दहा मीटर. आमच्या शेतातल्या विहिरीला भर पावसाळ्यात एवढं पाणी चढत नाही. दुसरा आकडा चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ जाते त्याचा. आल्प्समधली यूटीएमबी ही डोंगरातली शर्यत पळणाऱ्यांना किमान १०,०००चं, टोपीवालं आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेलं जॅकेट सोबत बाळगण्याची सक्ती करते. तिथे ती हवीच. इथे बघायचा तो दुसरा आकडा, आणि तो प्रयोगशाळेतला असतो हे धरूनच बघायचा.

‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे भुरभुरीपुरतं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे खरोखर पाणी अडवणारं. शिवणीवर पट्टी नसेल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं.

४. चालणाऱ्याचं वेगळं, पळणाऱ्याचं वेगळं

अंगारकीला जालन्याहून राजूरला गणपतीच्या दर्शनासाठी रात्रभर लोक पायी जातात, पंचवीसेक किलोमीटर. पावसाळ्यातली अंगारकी असली की रेनकोट, प्लॅस्टिकचे कागद, क्वचित पोत्याची खोळसुद्धा दिसते, आणि सगळं चालून जातं. चालताना अंग फार तापत नाही. तोच रेनकोट घालून किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने पळून पाहा. ओळखीच्या ट्रेकरने छातीठोकपणे सुचवलेलं जॅकेट पळायला का चालत नाही, याचं कारणही हेच. त्याचं जॅकेट वाईट नसतं, त्याचा वेग आपला नसतो.

५. वजन काट्यावर बघा

‘लाइटवेट’ असं सगळ्यांवरच लिहिलेलं असतं. पळायचं विंडचीटर सव्वाशे ग्रॅमच्या आत बसायला हवं, पावसाचं असेल तर अडीचशेच्या आत. जाळीचं अस्तर असलेलं टाळा. कोरडं असताना ते मऊ लागतं, भिजलं की पाणी धरून बसतं आणि हाताला चिकटतं.

६. मुलींच्या जर्किनचा प्रश्न थंडीचा नाही

मोती तलावाकडे किंवा बायपासला पळणाऱ्या मुली पाहिल्यात? त्यातल्या बऱ्याच जणी एप्रिलमध्येही जर्किन घालून पळतात. ते हवेसाठी नसतं, लोकांच्या नजरेसाठी असतं, हे सांगायला नको. लोकांनी बघायचं सोडावं हे खरं, पण तोवर त्या पोरींनी उन्हाळ्यात जाड ट्रॅकसूटचं जॅकेट अंगावर शिजवत का पळावं? पाठीवर आणि बगलेत जाळी असलेली, मांडीपर्यंत येणारी अगदी पातळ विंडचीटरं मिळतात. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, त्यात एकेका सेकंदाला किंमत आहे. सराव उकडत केला तर वेग येणार कुठून?

७. टोपी, चेन, बाही

दुकानात जॅकेट घालून नुसतं आरशात बघू नका. हात वर करा: कंबर उघडी पडते का? जागेवर पळा: खिशातला फोन पोटावर आपटतो का? पळायच्या जॅकेटला एकच खिसा असला तरी पुरे, तो मागे किंवा छातीवर असावा. चेन पूर्ण वर ओढा: तिचं टोक हनुवटीला खरचटत असेल तर तासाभराने रक्त येईल. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची छोटी घडी शिवलेली असते, ती असलेलं घ्या. टोपी डोक्याभोवती आवळता येत नसेल तर वाऱ्यात तिचं पॅराशूट होतं. मनगटाचं इलॅस्टिक सैल असावं, बाही कोपरापर्यंत सारता आली पाहिजे. शरीर तापलं की पहिल्यांदा बाह्या वर जातात, मग चेन खाली येते, मग जॅकेट कमरेला.

चेनचा हा खेळ मला कळला साताऱ्यात. तिथली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून पावसाळ्याच्या शेवटी होते. शहरातून यवतेश्वराचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, एकूण एकवीस किलोमीटर. चढताना धुक्यातसुद्धा घाम निथळतो, वळून उतार लागला की तोच घाम वाऱ्यात गार होतो. एकाच शर्यतीत दोन ऋतू. चढताना जॅकेट कमरेला, वळणाच्या आधीच अंगात, चेन गळ्यापर्यंत. थंडी वाजायला लागल्यावर घालायला गेलं तर बधिर बोटांना चेनचं टोक सापडत नाही.

८. रंग

काळं जॅकेट फोटोत बारीक दाखवतं. पण हिवाळ्यात पहाटे साडेपाचला औद्योगिक वसाहतीकडच्या रस्त्यावर सळयांचे ट्रक सुटलेले असतात. सळया मागे लोंबत असतात आणि टोकाला लाल फडकं असलं तर नशीब. अंबडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागचा दिवा बहुधा नसतोच. त्यात धुकं. पिवळं किंवा नारिंगी जॅकेट, पाठीवर आणि दंडावर चमकणारी पट्टी, आणि वाहनांच्या समोरून, उजव्या बाजूने पळणं. यात मी घासाघीस करत नाही. आधीचं काळं जॅकेट असेल तर सायकलच्या दुकानातून चमकणारी टेप आणून चिकटवा.

९. आत काय घातलंय

वर कितीही चांगलं जॅकेट घाला, आत सुती बनियन असेल तर उपयोग नाही. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. आत पातळ पॉलिस्टर हवं, नाहीतर लोकर. ओली झाल्यावरही ऊब देते ती लोकर, म्हणून तर धनगरांची घोंगडी भर पावसात कामाची. मेरिनो लोकरीचे पातळ टी-शर्ट आता मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी पॉलिस्टरवरच आहे.

१०. अवकाळीचा भरवसा नाही

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. त्या दिवशी जालना जिल्ह्यात गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्षं झोपली आणि माणसंही दगावली. रविवार म्हणजे आमच्या लांब पळायचा दिवस. गारांपुढे कुठलंही जॅकेट नाही, आडोसाच गाठायचा. प्रश्न येतो तो नंतर: भिजलेलं अंग, एकदम पडलेला पारा आणि घर दहा किलोमीटरवर.

अशा वेळी काय होतं ते चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला दिसलं. शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीला १७२ जण निघाले. दुपारी गार वारा, पाऊस, गारा आल्या. बरेच जण हाफ पँट आणि टी-शर्टात होते, कारण विंडचीटर बाळगणं ऐच्छिक ठेवलं होतं. २१ जण गारठून गेले, त्यात चीनमधले नामवंत धावपटूही होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेक दिला, ते वाचले.

जालना म्हणजे गान्सू नाही. पण नोव्हेंबर ते मार्च आभाळ आलेलं असेल आणि गावाबाहेर लांब जायचं असेल, तर विंडचीटर कमरेला असतं. जीभ अडखळायला लागली किंवा हाताची बोटं जुळेनाशी झाली की पळणं बंद. जवळचा आखाडा, मंदिर, टपरी गाठायची आणि घरी फोन करायचा.

११. पैसे कुठे घालायचे

भरतीची पोरं विचारतात, “काका, कोणतं जॅकेट घेऊ?” मी आधी त्यांचे बूट बघतो. तळ झिजलेले असतील तर जॅकेटाचं नाव काढू नका. बूट ठीक असतील तर हजार-पंधराशेचं विंडचीटर. प्रत्यक्ष मैदानी चाचणीला ते अंगात नसणारच, पण आपला नंबर येईपर्यंत रांगेत बसताना अंग गरम ठेवायला कामाला येतं. २०२४ ची भरती १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली होती आणि काही ठिकाणी पावसामुळे चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. तेवढेही पैसे नसतील तर कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडा. मोठमोठ्या मॅरेथॉनांच्या सुरुवातीला जगभरचे लोक हेच घालून उभे असतात.

पाच-सहा हजारांचं वॉटरप्रूफ जॅकेट सह्याद्रीत, हिमालयात किंवा परदेशात पळायला जाणाऱ्यांनी घ्यावं.

१२. धुणं

बाहेरच्या बाजूने पाण्याचे थेंब गोळे होऊन घरंगळतात ते एका लेपामुळे. साबणाचा अंश राहिला की तो लेप निकामी होतो आणि कापड भिजून जड पडतं. थोडा सौम्य साबण, भरपूर पाणी, सॉफ्टनर मुळीच नाही. जालन्यात नळाला पाणी कधी येणार यावर धुण्याचा वार ठरतो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही. तेव्हा नळाचंच पाणी राखून ठेवा. वाळल्यावर वर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरवली की थेंब पुन्हा घरंगळू लागतात. लेबलवर इस्त्रीला फुली असेल तर नको.

१३. पळून झाल्यावरची मोटारसायकल

थंडी पळताना लागत नाही, परतताना लागते. अंग निवत चाललेलं, कपडे ओले आणि मोटारसायकल चाळिसाच्या वेगाने. इथे विंडचीटर कमी पडतं. हँडलला अडकवलेल्या पिशवीत कोरडा टी-शर्ट, पंचा आणि गाडीवरचा जाड रेनकोट ठेवा. वाफ न सोडणं हा त्याचा दुर्गुण गाडीवर गुण ठरतो. क्रम मात्र पाळा: आधी ओलं काढायचं, पुसायचं, कोरडं घालायचं, मग रेनकोट. मंठा चौफुलीवर चहाला थांबायचं असेल तर हे सगळं आटपून थांबा, गप्पा काही अर्ध्या तासाच्या आत संपत नाहीत.