रोज नवं कुठून आणायचं?

प्रश्न : मी ग्राफिक डिझायनर आहे. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, फ्लेक्स, द्राक्षांच्या खोक्यांवरची डिझाइन्स अशी रोजची कामं असतात. फोटोग्राफीचीही आवड आहे. हल्ली मात्र नवं काही सुचतच नाही. मोबाइलवर शेकडो चित्रं पाहतो आणि पाहून झाल्यावर डोकं आणखीच रिकामं वाटतं. ज्यांना रोज सुचतं, ते असं काय बघतात? त्यासाठी हिमालयात, निदान मुंबईच्या प्रदर्शनांना तरी जावं लागतं का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : हिमालयात जरूर जा, पण सुचावं म्हणून जायची गरज नाही. पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं : दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? नदीत उभा असलेला हा मारुती जागचा हलत नाही, म्हणून तर पाणी किती हललं ते कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच पूरमापकात दिसतं. ज्यांना रोज सुचतं, ते एक गोष्ट पक्की धरून ठेवतात आणि बाकीच्या गोष्टींना बदलू देतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथं ते शिकले, फोटोग्राफी केली, छपाईचे ठसे बनवले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांच्याजवळ ना नट होते, ना स्टुडिओ, ना पैसा. पैसा उभा करायचा तर आधी काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि जवळपास महिनाभर वाढत्या रोपाची एकेक चौकट टिपली. पडद्यावर ती फिल्म जेमतेम मिनिटभराची झाली : माती फोडून अंकुर वर येतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत चढतो. पाहणारे चकित झाले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपलं चित्रपटांचं बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

यात त्यांनी काय केलं ते बारकाईनं पाहा. विषय स्वयंपाकघरातला, मूठभर वाटाण्यातला एक दाणा. जागा तीच, कुंडी तीच, कॅमेऱ्याचं तोंड तिकडेच. इतकं सगळं स्थिर ठेवल्यामुळे जे एकच हलत होतं, ते पाहणाऱ्याच्या नजरेत भरलं. कुंडी दर दोन दिवसांनी इकडून तिकडे हलवली असती, तर त्या फिल्मला काडीचा अर्थ उरला नसता.

आता तुमच्या मोबाइलकडे वळू. तिथं बोटाच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी विषय, रंग, मांडणी, देश, काळ असं सगळंच एकदम बदलतं. तुलना करायला हाताशी काही उरत नाही. डोळा थकतो, पण शिकत नाही. रिकामं वाटतं ते म्हणूनच. तुमची कल्पनाशक्ती आटली आहे, असं मला वाटत नाही.

प्रश्न : पण तेच ते पाहून कंटाळा येणार नाही का?

उत्तर : सुरुवातीला येईल, पण तो टिकत नाही. प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. पुढे नाझींच्या ताब्यातल्या शहरात रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं, तेव्हा १९४० पासून त्यानं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि १९५४ पर्यंत काढत राहिला. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी ओघळणारे थेंब. पलीकडे अंगणातलं एक वाकडंतिकडं झाड. त्या मालिकेतला एक फोटो दुसऱ्यासारखा नाही. कंटाळा येतो तो आपण वरवर पाहतो तेव्हा. ‘आज कालच्यापेक्षा वेगळं काय?’ एवढा एक प्रश्न खिशात ठेवून गेलात, की पाहण्याला काम मिळतं.

प्रश्न : नाशिकमध्ये असं काय धरून ठेवावं?

उत्तर : भांडीबाजारापासून सुरुवात करा. मठारलेला तांब्याचा हंडा जवळून पाहा. हातोडीचा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटीशी खळगी, आणि प्रत्येक खळगीत उजेडाचा वेगळा ठिपका. तुम्ही मान जराशी हलवली की हजार ठिपके जागा बदलतात. ठोक्यांच्या रांगा हंड्याच्या पोटावर रुंद होतात आणि गळ्याशी दाटतात. फुगीर आकारावर नक्षी कशी पसरवावी, याचा यापेक्षा चांगला धडा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळायचा नाही. तोच हंडा सकाळच्या उन्हात आणि संध्याकाळी दुकानातल्या दिव्याखाली टिपा. दुकानदाराला आधी विचारा, म्हणजे झालं.

डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे फेरी मारा. थंडी आणि उन्हाच्या फरकानं द्राक्षांचे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बागायतदार घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. मांडवाखाली ओळीनं लटकणारी ही पुडकी, त्यावर उलटे-आडवे झालेले मथळे, अर्धे कापले गेलेले चेहरे. तुम्ही द्राक्षांच्या खोक्यांची डिझाइन्स करता ना? मग हिरव्या घडाचं तेच ते गुळगुळीत चित्र सोडून या कागदाकडे एकदा पाहा.

आणि अक्षरांसाठी पांडवलेणी. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या काळातले लेख. लिपी ब्राह्मीच, पण कोरणारे हात वेगळे. वाचता येत नसलं तर फारच उत्तम. अर्थ मध्ये येत नाही आणि नुसता आकार दिसतो. दोन्हीकडे सापडेल असं एकच अक्षर निवडा आणि वहीत शेजारी शेजारी काढा. उभ्या रेषेची लांबी, गोलाई, दोन अक्षरांमधली जागा यांतला फरक हाताला समजू लागेल. परत उतरताना पायथ्याशी फाळके स्मारक आहेच.

प्रश्न : फोटोत हे जमेल. ग्राफिक डिझाइनमध्ये तर माप, मजकूर, रंग सगळं ग्राहकच ठरवतो. मग माझ्या हातात काय उरतं?

उत्तर : म्हणजे धरून ठेवायची गोष्ट तुम्हाला आयती मिळते! नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचं उदाहरण घ्या. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट निघालं, ते इथंच छापलेलं. बोटाच्या दोन पेरांएवढी जागा. त्यात फडकता तिरंगा, ‘जय हिंद’, १५ ऑगस्टची तारीख, देशाचं नाव आणि साडेतीन आणे ही किंमत. यातलं काहीच वगळता येत नव्हतं. अशा वेळी डिझायनरच्या हाती उरतं ते म्हणजे कुणाला पुढं आणायचं आणि कुणाला मागं ठेवायचं. तिथं झेंड्याला जागा मिळाली आणि बाकीचे सगळे कडेला सरकले. तुमच्या फ्लेक्सवर सात पुढाऱ्यांचे फोटो असोत की सतरा, प्रश्न तोच आहे.

येवल्याची पैठणी तर याहून कडक. पदरावरचा मोर किंवा मुनिया (म्हणजे पोपट) भरायची ती उभ्या-आडव्या धाग्यांच्या जाळीतच. पोपटाची चोच गोल हवी असली तरी ती पायरी-पायरीनंच वळते. दरेक रंगाला वेगळी कांडी, आणि मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ आली पाहिजे. या अडचणीतूनच पैठणीच्या पक्ष्यांना तो डौलदार, कोनदार चेहरा मिळाला. विणकराला मोकळा कागद आणि ब्रश दिला असता, तर तो मोर चारचौघांसारखाच निघाला असता.

प्रश्न : दुसऱ्याचं काम पाहून सुचलं, तर ती नक्कल का?

उत्तर : काय उचललं त्यावर ते ठरतं. फाळक्यांनी गिरगावात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशू हलत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या हलू लागली. त्यांनी येशूचा चित्रपट पुन्हा काढला नाही. आपल्या देवादिकांनाही असं चालवता-बोलवता येईल का, हा प्रश्न तेवढा उचलला. त्याचं उत्तर शोधायला त्यांना लंडन, कुंडी आणि वाटाणा अशी सगळी वाट स्वतःलाच चालावी लागली. एखादं डिझाइन आवडलं की ते जतन करून ठेवू नका. त्यानं कोणता प्रश्न सोडवला आहे, ते एका ओळीत लिहा. चित्र विसरलात तरी चालेल.

प्रश्न : शेवटचं. पत्रिकेवर गणपती, कलश आणि सोनेरी रंग एवढंच लोकांना हवं असतं. त्यात नवं काय करणार?

उत्तर : गणपती राहू द्या. तो लोकांचा आहे, हटवायला जाऊ नका. पुढच्या दहा पत्रिकांत गणपती जागचा हलवू नका आणि दर वेळी दुसरी एकच गोष्ट बदला : कधी नावांची अक्षरं, कधी कागद, कधी मोकळी सोडलेली जागा, कधी सोनेरीऐवजी तांब्याचा रंग. दहाही पत्रिका भिंतीवर ओळीनं लावा. कोणती जमली आणि का जमली, हे मग मला पत्र लिहून विचारावं लागणार नाही.