ताप आला तर आधी त्या दोन गोळ्या थांबवा

कॅन्सरला नुसत्या गोळ्या म्हटलं की हायसं वाटतं. सलाईन नाही, दाखल होणं नाही. ह्यांच्या तळव्यावरचा काळा डाग मेलॅनोमा निघाला, फुप्फुसापर्यंत पोचलेला. बायोप्सीच्या तुकड्यात बीआरएएफ जनुकातला बदल सापडला, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी डॅब्राफेनिबच्या कॅप्सूल आणि ट्रॅमेटिनिबची गोळी अशी जोडी सुरू केली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बीपीच्या गोळीसारखंच की!" नाही हो वहिनी, तसं नाही.

भाद्रपदात एका संध्याकाळी ह्यांना हुडहुडी भरली. अंगावर दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०२. गल्लीत डेंग्यू होताच, त्यामुळे जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक मिळालं. "कॅन्सरच्या औषधात मात्र खंड पडू देऊ नका," असंही सांगितलं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. ताप उतरायचा, कॅप्सूल पोटात गेली की पुन्हा चढायचा. मग बीपी इतकं खाली आलं की ह्यांना मोरीपर्यंत चालवेना. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. मुंबईला फोन लावला, तर पहिलाच प्रश्न आला, "दोन्ही औषधं बंद केलीत ना?"

या जोडीने निम्म्याहून अधिक पेशंटना कधी ना कधी ताप येतो, बहुतेकदा सुरुवातीच्या महिन्यांत. जंतू असतोच असं नाही; औषधच ताप आणतं. ताप दाबून औषध रेटलं की अंगातलं पाणी कमी होतं, बीपी पडतं, किडनीवर ताण येतो. म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झालं की दोन्ही थांबवायची, पाणी-सरबत पाजत राहायचं आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायचा. डेंग्यू-मलेरियाची तपासणी जरूर करा, पण औषध थांबवून. ताप जाऊन निदान २४ तास बरं वाटलं की डॉक्टर पुन्हा सुरू करायला सांगतात, बरेचदा त्याच डोसने. एवढ्या खंडाने आजार उसळेल, ही धास्ती मलाही होती. डॉक्टरांनी ती काढून टाकली.

हा नियम या जोडीचा आहे, कॅन्सरच्या दुसऱ्या कुठल्या गोळीला लावू नका. आपल्या डॉक्टरांकडून तो पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. आमचा कागद थर्मामीटरच्या डबीला रबर लावून ठेवलेला असतो. रात्री कोणी पाहुणा सोबतीला असला तरी त्याला सापडतो.

बाकीचं पथ्य घड्याळाचं. औषध रिकाम्या पोटी हवं: खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. ह्यांचा सकाळचा चहा-खारी उशिरा गेला, त्यावरून थोडी धुसफूस झाली. डॅब्राफेनिब दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. विसरलं आणि पुढच्या डोसला सहा तासांहून कमी उरले असतील तर तो डोस सोडून द्यायचा. दुप्पट कधीच नाही. ट्रॅमेटिनिब दिवसातून एकदाच, आणि ती फ्रिजमध्ये, मूळ बाटलीतच, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट. आठवड्याच्या खणांच्या डबीत ती काढून ठेवू नका.

गुळवेलीचा काढा घेऊन येणारे नातेवाईक भेटतीलच. चहा पाजा, काढा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. फिटचं फिनिटॉइन किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते आधीच सांगा, कारण त्यांनी डॅब्राफेनिबचा असर कमी होतो. हृदयाची टूडी इको ठरल्या वेळी करायची, दम लागत नसला तरी. अंगावर नवा चामखीळ किंवा न भरणारी जखम दिसली तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. आणि अचानक धूसर दिसू लागलं तर चष्म्याच्या दुकानात नंबर तपासत बसू नका; त्याच दिवशी डोळ्यांचा पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आत शिरताच सांगा.